सखूच्या जागी कोण उभे राहणार?



आमच्या उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावात आहे. चुना, वाळू आणि ताग यांची ती मूर्ती. कीर्तनाची वीणा खाली ठेवल्यापासून माझा नेम असा की, सकाळी मारुतीरायाचे दर्शन घ्यावे आणि घाटावर जाऊन घटकाभर बसावे. समोरून वाहणारे हे पाणी पाच-सहा कोस खाली कराडला जाते. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, आणि तिथेच आपल्या संत सखूचे गाव. सखू ज्या नदीवर घागर भरायला गेली ती हीच कृष्णा. त्यामुळे सखूचे चरित्र आम्हा कृष्णाकाठच्या कीर्तनकारांना परके कधी वाटले नाही. माहेरवाशिणीची गोष्ट सांगावी तसे आम्ही ते सांगत आलो.

मी ते चाळीस वर्षे सांगितले. कसे सांगितले, आणि त्यात माझे काय चुकले, हे आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. वय सत्तरीच्या पुढे गेले आहे. कीर्तनात मान डोलावणारे श्रोते समोर असले की स्वतःची चूक दिसत नाही. ती आता घाटावर बसल्यावर दिसते.

चरित्र तुम्हांला ठाऊक आहेच, तरी थोडक्यात आठवू. सखू सासरी नांदत होती आणि तिथे तिचा छळ होता. आषाढीच्या सुमारास ती पाण्याला गेली असता पंढरीची दिंडी नदीकाठाने निघाली होती. टाळ-मृदंगाचा नाद ऐकून तिने घागर तिथेच ठेवली आणि दिंडीत सामील झाली. शेजारणीने घरी सांगितले. नवरा धावत गेला, तिला मारीत घरी आणले आणि दोराने खांबाला बांधून ठेवले. अन्नपाणी तोडले. तेव्हा पांडुरंग स्त्रीचे रूप घेऊन आला. त्याने सखूचे दोर सोडले, तिला पंढरीला पाठवले आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतले. पुढे नवऱ्याला दया आली, त्याने दोर सोडले. मग सखूच्या रूपातला देव घरात राबू लागला. पाणी भरले, दळण दळले, स्वयंपाक केला, सासूचे पाय चेपले. इकडे खऱ्या सखूने पंढरीत देवाच्या पायी देह ठेवला. गावाकडच्या एका ओळखीच्या ब्राह्मणाने तिला अग्नी दिला. आता देव अडकला! सखू परत आल्याशिवाय त्याची सुटका नाही. तेव्हा रुक्मिणीमातेने सखूच्या अस्थी गोळा करून तिला उठवले आणि घरी पाठवले. नदीवर दोन्ही सखूंची भेट झाली. देवाने घागर तिच्या हाती दिली आणि तो निघून गेला. पुढे तो ब्राह्मण तिच्या मरणाची वार्ता घेऊन दारात आला, तेव्हा सखू समोर उभी! सगळा उलगडा झाला, आणि सासरच्यांना पश्चात्ताप झाला.

किती गोड कथा आहे पाहा. देव भक्ताच्या घरी पाणी भरतो हे एकनाथांच्या श्रीखंड्यात आहे, देव दळू लागतो हे जनाबाईच्या जात्यापाशी आहे. पण देव स्वतःला खांबाला बांधून घेतो आणि भक्त परत येईपर्यंत त्याला निघता येत नाही, हे सखूच्याच चरित्रात.

आता इतिहासाकडे वळू. सखूचे चरित्र आपल्यापर्यंत आले ते चरित्रकारांच्या लेखणीतून, कीर्तनकारांच्या तोंडून आणि जात्यावर बसणाऱ्या आयाबायांच्या गळ्यातून. ‘माझे असे झाले’ असे सांगणारे तिचे स्वतःचे आत्मकथन नाही. म्हणजे आपण जी सखू ओळखतो ती दुसऱ्यांनी सांगितलेली. आणि दुसऱ्याचे सांगताना माणूस काय करतो, हे माझ्यावरूनच सांगतो.

आपल्या वारकरी कीर्तनात नारदीय पद्धतीसारखे वेगळे आख्यान नसते. एक अभंग घ्यायचा, त्याचे चिंतन करायचे. पण चिंतनात दृष्टांत येतो आणि दृष्टांताबरोबर चरित्र येते. आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत शिकत असताना आमच्या गुरुजींनी बजावले होते की, दृष्टांत हा मिठासारखा असावा. मी मात्र सखूच्या चरित्रात मीठ सोडून सगळाच मसाला घातला. सासूची नक्कल तर माझी हातखंडा. कमरेवर हात ठेवून मी सासूच्या आवाजात बोलू लागलो की मंडपात हशा पिकायचा. मग दोर बांधण्याचा प्रसंग आला की मृदंगवादक लय उतरवायचा, मी आवाज खाली आणायचो, आणि बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागायचे. हसवल्यानंतर लगेच रडवता आले की कीर्तन ‘रंगले’ असे लोक म्हणतात. मलाही तसेच वाटे.

यातले बरेचसे माझे नव्हते, सिनेमाचे होते. प्रभात कंपनीने 1936 साली ‘संत तुकाराम’ काढला, 1940 साली ‘संत ज्ञानेश्वर’ आणि 1941 साली ‘संत सखू’. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्यात हे जुने चित्रपट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. त्या चित्रांची छाप इतकी बसली की, चरित्रातले काय आणि पडद्यावरचे काय हा भेदच राहिला नाही. एक उदाहरण देतो. ‘संत तुकाराम’ चित्रपटात बीज आणि वृक्षाचे एक अतिशय सुंदर पद आहे. ते तुकोबारायांचे समजून मी कितीतरी गावी म्हटले. पुढे एका जाणत्याने विचारले, “बुवा, गाथ्यात कुठे आहे दाखवा.” मी गाथा पालथी घातली. नाहीच! ते पद चित्रपटाचे गीतकार शांताराम आठवले यांचे. असा फसलेला मी एकटा नव्हे, भले भले फसले. आठवल्यांनी लबाडी केली नव्हती, त्यांनी चित्रपटासाठी गीत लिहिले होते. न तपासता तुकोबांच्या नावावर घालणारे आम्ही. त्या दिवशी मला लाज वाटली, पण ती लाज शब्दांपुरती होती. सखूच्या बाबतीतली चूक त्याहून खोल आहे, आणि ती दाखवून देणारी एक अडाणी बाई होती.

तीसेक वर्षे झाली असतील. नदीकाठच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. सखूचे चरित्र नेहमीसारखे रंगले. आरती झाली, माणसे पाया पडून पांगली. शेवटी एक तिशीतली बाई आली. पायावर डोके ठेवले आणि उठेचना. मग हळूच म्हणाली, “बुवा, एक इचारू का? राग नका धरू. सखू माघारी आली, देव निघून गेला. मग दुसऱ्या दिवशी भाकरी कुनी थापल्या?”

मी हसलो. म्हणालो, “माय, सखूनंच थापल्या असतील की.”

“मग तिचं सुटलं काय?” ती म्हणाली.

मी ठरलेले उत्तर दिले. भाव असला की प्रपंच हाच परमार्थ होतो, सहन कर, देव पाहतो आहे. तिने मान हलवली, पदर सावरला आणि गेली. तिच्या मनगटावर काळानिळा वळ होता. तो मी पाहिला होता. पाहूनही मी ते उत्तर दिले होते.

वाचक माउली, त्यानंतरही मी सखू सांगत राहिलो. पण प्रत्येक वेळी दोराचा प्रसंग आला की ते मनगट आठवायचे. हळूहळू मला माझे सांगणे वेगळे दिसू लागले. मी नक्कल करीत होतो सासूची. पण दोर बांधला कोणी? चरित्रात तर नवऱ्याने बांधला. माझ्या कीर्तनात नवरा दोन वाक्यांत निघून जायचा. कारण समोर पुढच्या ओळीत बसलेले सगळे नवरेच होते. सप्ताहाची वर्गणी काढणारे ते, मला नारळ देणारे तेच. सासूला हसायला त्यांना काही वाटत नसे. नवऱ्याबद्दल बोललो असतो तर हशा थांबला असता. म्हणजे मी कथेत जी मोकळीक घेतली ती सखूसाठी घेतली नव्हती, माझ्यासाठी घेतली होती. तुकोबारायांनी कीर्तनकाराला घातलेली अट आपल्याला माहीत आहे: जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये. आम्ही तिचा अर्थ लोभ नसावा एवढाच लावतो. मला आता वाटते, त्या अटीत दुसरेही शहाणपण आहे. ज्याच्या घरचे खाल्ले त्याच्या घरातला दोर कीर्तनकाराला दिसत नाही.

आणि सासू? तीही कधी सून होती. तिच्यासाठी कुठला देव आला नव्हता. जे सोसले ते पुढच्याच्या ताटात वाढायचे हा मनुष्यस्वभाव आहे. तो समजावून सांगायला अर्धा तास लागतो, नक्कल करायला एक क्षण पुरतो. मी क्षणाचे काम केले.

सखूने स्वतः काही सांगितले नाही, पण आपल्या संप्रदायात एकीने सांगितले आहे. संत बहिणाबाई. 1628 ते 1700 हा त्यांचा काळ. वेरूळजवळच्या देवगावचा जन्म. तिसऱ्या वर्षी लग्न झाले, नवरा तिशीचा. कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींचे कीर्तन होते. हे जयरामस्वामी म्हणजे आपल्याच खटाव तालुक्यातल्या वडगावचे. बहिणाबाईंच्या घरी एक कपिला गाय आणि तिचे वासरू होते. ते वासरू बहिणाबाईंच्या मागे मागे कीर्तनाला येई. लोकांनी वासराला बाहेर काढले, स्वामींनी त्याला आत बोलावले आणि त्या पोरसवदा मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. गावात बोलबाला झाला. नवऱ्याला ते सहन झाले नाही, त्याने तिचे केस धरून तिला मारले. हे कोणा चरित्रकाराने रंगवलेले नाही. बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत स्वतः सांगितले आहे. स्त्रीचा देह मिळाल्यामुळे शास्त्राने आपल्याला दार लावले, हीही खंत त्यांनी लपवली नाही.

पुढे नवरा आजारी पडला, बहिणाबाईंनी त्याची सेवा केली, त्याचे मन पालटले आणि दोघे देहूला तुकोबारायांकडे गेले. म्हणजे बहिणाबाईही घर सोडून गेल्या नाहीत. पण दोन्ही चरित्रांत एक फरक आहे. बहिणाबाईंच्या कथेत मार मार म्हणूनच उरतो. नवरा सुधारला म्हणून त्या मार विसरत नाहीत, आणि मार आठवतात म्हणून सेवा सोडत नाहीत. दोन्ही एकाच गाथ्यात आहेत. कीर्तनात नाट्य कमी असेल, पण खरेपणाचे वजन असते ते असे.

दुसरे उदाहरण ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, तरी सांगतो. प्रभातच्या चित्रपटात सखू झाल्या त्या हंसा वाडकर. त्यांना पाहून बायांनी पडद्याला हात जोडले असतील. त्याच हंसाबाई पुढे ‘रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटांनी गाजल्या, आणि 1970 साली ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने त्यांचे आत्मचरित्र आले. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ते पुस्तक मी उतारवयात वाचले, घरच्यांपासून थोडे लपवूनच. लहानपणापासून चेहऱ्याला रंग लावून घर चालवणारी मुलगी, आणि साध्या संसाराची ओढ असूनही तो हाती न लागलेली बाई त्यात बोलते. स्वतःच्या चुका झाकत नाही. संतांच्या पंक्तीला मी त्यांना बसवीत नाही. पण खांबाला बांधलेल्या सखूचे सोंग घेतलेल्या बाईने शेवटी सोंग उतरवून आपले आपण सांगितले, याला मी मोठी गोष्ट समजतो. मी चाळीस वर्षे सखू सांगितली, पण माझे असे काही सांगितले नव्हते.

तुम्ही विचाराल, मग काय चमत्कार सांगू नयेत? देव स्त्रीरूपाने आला हे खोटे म्हणायचे? मी तसे म्हणत नाही. माझी श्रद्धा आहे तिथेच आहे. पण चमत्कार ऐकून श्रोत्याने काय करायचे, हा प्रश्न कीर्तनकाराने टाळू नये. चोखोबांचे पाहा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले, ते 1338 साल. नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. तेव्हापासून सहाशे वर्षे आम्ही चोखोबांची गोष्ट सांगितली. देव चोखोबांची ढोरे ओढतो म्हणून सांगितले, श्रोते रडले, सांगणारेही रडले. आणि चोखोबांची लेकरे मात्र पायरीच्या बाहेरच राहिली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपवास केला तेव्हा ते दार उघडले. सहाशे वर्षांच्या अश्रूंनी जे झाले नाही ते एका माणसाने स्वतःचा प्राण पणाला लावला तेव्हा झाले. चोखोबा बाहेर उभे होते ना, गुरुजी त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मला सखूच्या कथेचा अर्थ तिथे लागला. देवाने सखूचे दोर तोडून नवऱ्याला शाप दिला असता तरी चरित्र झाले असते. त्याने तसे केले नाही. तो तिच्या जागी उभा राहिला. दोराचा काच अंगावर घेतला, दळले, भाकरी थापल्या. सखूला पंढरी मिळाली, कारण घरातले तिचे काम कोणीतरी करीत होते. मोकळे होणे म्हणजे काय हे आम्ही वेदान्ताच्या शब्दांत फार सांगतो. पण घरातली बाई मोकळी व्हायची तर आधी तिच्या जागी कोणीतरी उभे राहावे लागते, एवढी साधी गोष्ट कथेत ठसठशीत असताना आम्ही ती कधी सांगितली नाही. आम्ही सांगितले, सोस म्हणजे देव येईल. कथा सांगत होती, देव आला तसा तूही ये. ती बाई तेच विचारत होती. देव गेला, आता कोण?

हे उमगले तेव्हा मला माझ्या घराकडे पाहावे लागले. चाळीस वर्षांत मी किती वाऱ्या केल्या याचा हिशेब अभिमानाने सांगत आलो. आमच्या मंडळींची एकही पायी वारी झाली नव्हती. म्हातारे आईवडील, मुले, म्हैस, शेत. मी पंढरीला जाऊन सखूचे चरित्र सांगायचो आणि घरी तिची घागर भरत असायची. मी कधी दोर बांधला नाही, हात उगारला नाही. पण बांधायला दोरच लागतो असे थोडेच आहे?

कीर्तन बंद केले त्या वर्षी आषाढीला मी तिला म्हटले, “यंदा गावच्या दिंडीबरोबर तू जा. मी घरी राहतो.” तिला वाटले मला बरे नाही. खूप समजावावे लागले. लेकीने साथ दिली म्हणून गेली. इकडे मी. पहाटे उठून म्हशीचे करायचे, धार काढायची, अंगण झाडायचे. भाकरी थापायला घेतली की परातीतच तुकडे पडत. तव्यावर टाकलेली एक बाजू करपे, दुसरी कच्ची राही. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. ज्या कामांची नावे मी कीर्तनात एका दमात घ्यायचो, पाणी भरले, दळण दळले, स्वयंपाक केला, त्यातले एकेक काम संपता संपेना. देवाने हे कसे केले असेल, याचे आश्चर्य मला पहिल्यांदा वाटले. तोवर मी ते नुसते सांगत होतो.

बारस सोडून ती घरी आली. पायांना फोड, तोंड उन्हाने काळवंडलेले, आणि चेहऱ्यावर असे काही की मी पाहतच राहिलो. बुक्का माझ्या कपाळाला लावला, मी तिच्या पायांवर डोके ठेवायला वाकलो तर मागे सरली. “ह्ये काय आनी नवीन!” म्हणाली. मग गोठ्याकडे नजर टाकून विचारले, “म्हशीला येळच्या येळी पानी दावलं व्हतं न्हवं?”

दावले होते. त्यानंतर दोन वर्षे ती पुन्हा गेली, मी घरी राहिलो. भाकरी अजून गोल येत नाही.

तरुण कीर्तनकार अधूनमधून उंब्रजला येऊन भेटतात. आवाज चांगले आहेत, पाठांतर दांडगे आहे. ते विचारतात, बुवा, सखू कशी सांगायची? मी त्यांना सांगतो, सासूची नक्कल सोडा. दोर कोणी बांधला ते मंडपाकडे पाहून सांगा. हशा कमी होईल, नारळही कदाचित कमी येतील. आणि ‘देव तिच्या जागी उभा राहिला’ इथवर आलात की लगेच गजर करू नका. घटकाभर थांबा. समोरच्या प्रत्येकाला आपल्या घरातली घागर आठवू द्या, मग टाळ वाजवा.

ती तिशीतली बाई आज साठीची असेल. कुठे असेल ती असो. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले नाही, इथे लिहून ठेवले आहे.

राम कृष्ण हरी.